करवंदवाडीचं गाऱ्हाणं

बोरिवलीच्या पूर्वेला, डोंगर जिथे टॉवरांच्या मागून डोकं काढतो, तिथे एका ट्रस्टची मोठी बाग आहे आणि त्या बागेत वाफेची गाडी आहे. अगदी खरी. कोळसा खाणारी, पाणी पिणारी आणि जवळ गेलात तर अंगावर गरम तुषार उडवणारी. इंजिन कुठल्याशा साखर कारखान्यात ऊस ओढून म्हातारं झालेलं. ट्रस्टने ते भंगारात जाता जाता उचललं, चार डबे जोडले आणि रविवारी-सुट्टीला तळ्याभोवती फिरवायला घेतलं. बागेच्या दाराशी मोठं स्टेशन आहे. तिकिटाची खिडकी, आइस्क्रीम, रडणारी पोरं, सगळा बाजार तिथे. तळ्याच्या पलीकडे, बांबूच्या बेटापाशी, दुसरं स्टेशन. त्याचं नाव करवंदवाडी.

करवंदवाडी म्हणजे एक कौलारू छपरी, एक बाक, एक पितळी घंटा, उंबराचं झाड आणि एक लाकडी फाटक. फाटक अशासाठी, की रुळांना आडवी एक पाऊलवाट जाते. मागच्या पाड्यावरची माणसं बागेच्या आधीपासून त्याच वाटेने ये-जा करतात. बागेला भिंत पडली, रूळ पडले, पण वाट कोणी मोडू शकलं नाही. या स्टेशनचा मास्तर, पोर्टर, फाटकवाला आणि झाडूवाला एकच माणूस: गुणाजी पेडणेकर. अंगाने चिपाड, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. डोक्यावर ट्रस्टने दिलेली लाल टोपी. ती तो घरून, चारकोपहून निघतानाच घालतो. बसमधले लोक वळून बघतात. बघू देत, तो म्हणतो, मास्तर कोणी बघितलेलो नाय काय.

काम सोपं. गाडी बांबूच्या वळणाआड आली की ड्रायव्हर अनंत लांब शिट्टी देणार. शिट्टी आली की गुणाजीने घंटा ठोकायची, वाटेवरच्या माणसांना थोपवून फाटक लावायचं आणि हिरवा बावटा धरून उभं राहायचं. वळणातून बाहेर पडलं की फाटक एकदम समोरच येतं, तिथे ब्रेक मारायला फार जागा नाही. म्हणून सगळा भरवसा त्या शिट्टीवर. वळणाच्या तोंडाशी सिग्नलचा एक जुना खांबही आहे, कुठल्या तरी बंद पडलेल्या लाइनवरून आणलेला. पण तो शोभेचा. त्याचा तांबडा हात आडव्याचा आडवा गंजून बसलेला आणि त्याच्या खाली लग्नाआधीची जोडपी फोटो काढून घेतात.

आणि गुणाजीला शिट्टी ऐकू येत नव्हती.

हे एका दिवसात झालेलं नाही. मालवणच्या बाजूचा पोरगा मुंबईत आला तो थेट मिलच्या साचेखात्यात उभा राहिला. साचे म्हणजे माग, शेकड्यांनी, आणि सगळे एकदम धडधडणारे. तिथे तोंडाने बोलून उपयोगच नाही. साचेवाले एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचे. चहा आला का, मुकादम कुठे आहे, तुझ्या मेव्हण्याचं लग्न जमलं का, सगळं आवाजाविना. गुणाजी त्यात एवढा तयार झाला, की खात्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी आपल्याला शिवी दिली तर इथून उलटी देत असे. मिल बंद पडली. परळची खोली सुटली, चारकोपच्या सेक्टरात घर झालं. मग साकीनाक्याच्या एका गाळ्यात पत्रा कापायच्या प्रेसवर बरीच वर्षं गेली. तिथे पुन्हा धाडधाड. साच्यांनी कान अर्धे नेले होते, उरलेले प्रेसने नेले.

पण कोणाला पत्ता नाही. माणूस समोर उभा राहून बोलला की गुणाजीला अक्षर न् अक्षर कळे. घरी त्याची बायको मालन आणि तो तर लग्नापासूनच निम्मं बोलणं ओठांनी करत आलेले. चाळीतल्या एका खोलीत सासू-सासरे, दीर, नणंदा, त्यात दुसरी सोय नव्हती. त्यामुळे ह्यांचे कान गेलेत हे मालनलाही फार उशिरा कळलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी माणूस शेजारी पेपर वाचत बसलेला, तेव्हा.

बागेत तो आधी माळी म्हणून लागला आणि मग करवंदवाडीला. आयुष्यभर दुसऱ्याच्या भोंग्यावर धावलेला माणूस. इथे पहिल्यांदाच असं झालं, की त्याने हात वर केला की पाड्यावरची बायका-पोरं, सायकलवाला, शेळ्या, सगळे थांबत आणि त्याने बावटा हलवला की एवढं धूड पुढे सरकत असे. घरी तो हे बोलून दाखवत नसे. पण रविवारी त्याच्या शर्टाची इस्त्री मालनला दोनदा करावी लागायची.

शिट्टी गेली तरी त्याचं काम चाललं ते धुरामुळे. गाडी वळणाआड आली की बांबूच्या शेंड्यांवर काळा धूर उठायचा. गुणाजीची नजर तिथे. धूर दिसला की घंटा. अनंत म्हणायचा, "काका, तुमचे कान काय तेज आहेत रे देवा. मी दोरीला हात लावतो न लावतो तोच घंटा."

"मिलातलो माणूस आसय मी," गुणाजी म्हणायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा.

यंदा पावसाळ्यात टॉवरवाल्यांनी धुराची तक्रार केली. बाल्कनीतले कपडे काळे होतात, म्हाताऱ्यांना खोकला होतो. ट्रस्टने कोळसा बंद केला आणि पांढरा कोळसा आणला, लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या. अनंताने कुरकुर केली, पण इंजिन चाललं. धूर मात्र असा निघाला, जसा म्हाताऱ्याच्या विडीचा. बांबूच्या वर काही दिसेचना.

दसऱ्याला गाड्या सुरू व्हायच्या, त्याआधी रिकाम्या गाडीची चाचणी होती. गुणाजी बावटा घेऊन शेंड्यांकडे बघत उभा. फाटक उघडं. पाड्यावरची एक बाई शेळ्या घेऊन रुळांवर आली. फाटकाशी माधुरी बसलेली असते, बोरं-चिंचा विकणारी, त्याच पाड्यावरची. तिने शिट्टी ऐकली, गुणाजीकडे पाहिलं, तो वरच बघतोय. तिने टोपली लोटली, उठली आणि एका हाताने बाईला मागे ओढत दुसऱ्या हाताने फाटक ओढलं. इंजिन फाटकाला नाक लावून थांबलं. चिंचा सगळ्या रुळांवर.

अनंत वरून उतरला. "काका, शिट्टी दिली ना मी. दोनदा दिली."

"वारो उलटो होतो," गुणाजी म्हणाला.

वारा नव्हताच. माधुरी खाली बसून चिंचा वेचत होती. ती गुणाजीला दिसेल असं तोंड वर करून म्हणाली, "मास्तर, आज मी होते म्हणून निभावलं. माझी नात पण ह्याच वाटेनं येते."

त्या दिवशी घरी जेवण झालं नाही. मालनने ताट वाढलं आणि समोर बसली.

"मॅडमांका सांगा."

"काय सांगू?"

"काय ता तुमका म्हायत आसा. माका नका विचारू."

"सांगलय की दुसऱ्या दिवशी हातात झाडू देतली. नायतर घरी बस म्हणतली."

"मगे बसा. मी नाय बसलंय आयुष्यभर?"

"तुझा वेगळा."

"व्हय, माझा वेगळाच," मालन म्हणाली. "माझ्या हातात कधी बावटो नव्हतो, म्हणान माझो जाऊक नाय." आणि ताट उचलून आत गेली. आतून ती आणखी बरंच काही म्हणाली असावी. गुणाजीला तिची पाठ दिसत होती, त्यामुळे तेवढं सुटलं.

मॅडम म्हणजे दर्शना वानखडे, गाडीची व्यवस्थापक. राहणारी नाहूरची, घरचे मूळ अकोल्याकडले. वय गुणाजीच्या मुलाएवढं. कामाला कडक, पण माणसाला काका म्हटलं तर काकाच मानणारी. तिला सांगायचं म्हणून गुणाजी दोनदा तिच्या केबिनपर्यंत गेला. एकदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा फोनवर नव्हती, तरी तो दारावरची पाटी पुसून परत आला.

दसऱ्याला करवंदवाडीला गाऱ्हाणं असतं. ही गुणाजीनेच पाडलेली पद्धत. उंबराखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे. माधुरीचं म्हणणं तो पाड्याचा वाघोबा. गुणाजीचं म्हणणं राखणदार. पहिल्या वर्षी दोघांचं यावर वाजलंही होतं. मग गुणाजी म्हणाला, "तुमचो वाघोबा तो आमचो राखणदार. घर एकच, नाव ज्याचा ता लावा," आणि नारळ फोडला. तेव्हापासून मोसमाच्या पहिल्या गाडीआधी तो दगडासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो, देवाशी मोठ्याने बोलतो, आणि मागे उभे असलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. खालून डोंगरापर्यंत ऐकू जाईल असं.

यंदाही सगळे जमले. इंजिनाला झेंडूच्या माळा. अनंत आंघोळ करून, केस चापून. माधुरी, पाड्यावरच्या चार बायका. मालनही आली होती, मुलगा नितेश तिला स्कूटरवरून सोडायला आलेला, तोही थांबला. दर्शना विहारातली सकाळची वंदना आटोपून पांढऱ्या साडीतच आली होती. ती दरवर्षी येते, ओळीच्या कडेला हात बांधून उभी राहते. व्हय म्हाराजा ती म्हणत नाही आणि तिने म्हणावं असं कोणी म्हणत नाही.

गुणाजीने टोपी काढून बाकावर ठेवली. दगडाकडे तोंड, माणसांकडे पाठ.

"बा देवा म्हाराजा, डोंगराच्या राखणदारा, पाड्याच्या वाघोबा, आज दसऱ्याच्या दिवशी तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या म्हाताऱ्या इंजिनाक आणखी एक वरस धड ठेव. अनंताचो हात ब्रेकार घट रवांदे. तेचा लगीन कधी होवचा ता तू बघ, आमच्यान काय होणा नाय."

"व्हय म्हाराजा." यात अनंताचा आवाज जरा कमी.

"माधुरीची बोरा खपांदेत. मॅडमांचा काम बिनघोर होवंदे, आणि तेंच्या वरच्या सायबांका वाईच अक्कल दी."

"व्हय म्हाराजा." बायका हसल्या. दर्शनाने मान खाली घालून हसू लपवलं.

इथे नेहमी संपतं. नारळ उचलायचा, फोडायचा. पण गुणाजीने नारळ उचलला नाही. तो दगडाजवळ सरकला, वाकला आणि पुटपुटला. म्हणजे त्याच्या मते तो पुटपुटला. कानांनी रजा घेतलेल्या माणसाला आपला आवाज कुठे पोचतो ते कळत नाही. तो जे मनातल्या मनात बोलल्यासारखं बोलला, ते शेवटच्या बाईपर्यंत स्वच्छ आलं.

"आता ह्या तुझ्या-माझ्यातला. म्हाराजा, माझे कान गेले. इंजिनाची शिट्टी माका ऐकाक येणा नाय. आजवर मी धुरार चलवलंय. आता धूरय गेलो. मॅडमांका सांगूक माका धीर होणा नाय. सांगलय तर ह्या फाटक माझ्या हातातसून जातला. नाय सांगलय तर एखाद्या पोराचो जीव जातलो. ह्या ठेसन सोडून आता माझ्याकडे काय उरला नाय. पण पोराक काय होवच्या आधी माझो काय तो निकाल लाव."

उंबरावर एक भारद्वाज ओरडत होता, तोही मध्येच थांबल्यासारखा वाटला. मालनने पदर तोंडाला लावला. नितेशने आईकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांवरून त्याला कळलं की तिला हे माहीत आहे. माधुरी खाली रुळांकडे बघत होती.

गुणाजी वाकलेलाच. दर वाक्यानंतर तो थांबतो तेवढाच आत्ताही थांबला होता, सवयीने.

कोण आधी म्हणालं ते नंतर कोणालाच नीट सांगता आलं नाही. माधुरी असेल किंवा मालन. पण त्या रिकाम्या जागेत ते निघालं, हळू आणि ओढत, एकामागून एक: "व्हय म्हाराजा." पांढऱ्या साडीकडे तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं.

गुणाजी सरळ झाला, नारळ फोडला, वळला. चेहरा असा मोकळा, जसा ओझं उतरवून आलेल्या हमालाचा. त्याने खोबऱ्याचे तुकडे वाटले. अनंताला म्हणाला, "बघतंस काय मेल्या, वाफ चढव." मोठ्या पिशवीतून मालनने आणलेले लाडू काढले. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि त्याला वाटलं लाडवांकडे बघतायत.

पहिली गाडी निघाली तेव्हा दर्शना फाटकाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, उन्हात कित्याक?"

"आज पहिला दिवस ना काका. बघते जरा." आणि शिट्टी झाली तेव्हा तिने फाटकाला हात लावला. गुणाजीने ते पाहून घंटा ठोकली. दिवसभर प्रत्येक फेरीला ती तिथेच. साडीला काजळी लागली. पुढच्या सुट्टीला तिने अनंताच्या हाताखालच्या मिथुनला खाली पाठवलं, आणि स्वतःही आली.

मधल्या दिवसांत करवंदवाडीला ठोकाठोक सुरू झाली. शोभेच्या सिग्नलाचा गंज खरवडला, हाताला रंग दिला. खांबापासून छपरीपर्यंत तार ओढली. तार वळणावर फिरायला कप्प्या लागत होत्या, त्या नितेशने साकीनाक्याला आपल्या वर्कशॉपमध्ये लेथवर काढून आणल्या. छपरीत एक लोखंडी दांडा बसला. दांडा ओढला की पलीकडे तांबडा हात खाली. सोडला की आडवा.

"लोकांना आवडतं," नितेश वडिलांना म्हणाला. "जुनं टाइप. झकास दिसतं."

"तुका इंजिनाचो नाद कधीपासून लागलो?"

"असाच." नितेश कप्पीला ग्रीस लावत बसला. वडिलांकडे बघणं त्याने टाळलं, आणि तोंड न दाखवता बोललेलं वडिलांना कळत नाही हे आता त्याला ठाऊक होतं, म्हणून तो पुढे काही बोललाच नाही.

नवीन पद्धत अशी ठरली, की अनंताने खांबाशी गाडी उभीच करायची. हात खाली आल्याशिवाय एक फूट पुढे यायचं नाही. खांबाशी उभं राहिलं की इंजिनाचं नाक बांबूतून बाहेर येतं, ते छपरीतून दिसतं. दिसलं की गुणाजीने वाट मोकळी करायची, फाटक लावायचं आणि मग दांडा ओढायचा. शिट्टी ऐकायची गरजच नाही.

पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा इंजिन खांबाशी येऊन उभं राहिलं. नाक बाहेर, वाफ फुसफुसतेय, झेंडूची एक सुकलेली माळ अजून तशीच. गुणाजीने ते पाहिलं. फाटक लावलं, खिट्टी घातली, पुन्हा हलवून बघितली. मग दांडा दोन्ही हातांनी ओढला. तांबडा हात खाली गेला आणि ते एवढं धूड त्याच्या हुकमाने चालू लागलं.

घरी जाऊन तो मालनला म्हणाला, "राखणदारान ऐकला माझा. कोणाक कळाक दिल्यान नाय."

मालनने त्याच्याकडे बघितलं. "जेवा," म्हणाली.

दर्शनाला मात्र ते जड जात होतं. फाटक सुरक्षित झालं होतं, वरच्या साहेबांना तिने सगळं सांगून मंजुरी घेतली होती. सांगायचा राहिला होता तो एकटा गुणाजी. सगळ्यांना माहीत आणि त्यालाच नाही. तो डब्यातली सोलकढी तिला पाजायचा आणि राखणदाराने सिग्नल कसा चालू करून दिला ते रंगवून सांगायचा. एक दिवस गाड्या संपल्यावर ती त्याच्या बाकावर येऊन बसली आणि त्याला समोर बसवलं. सावकाश बोलली, ओठ उघडून.

"काका, त्या दिवशी तुम्ही शेवटचं बोललात ना वाघोबाशी. ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

गुणाजी काही वेळ तिच्या ओठांकडेच बघत राहिला, जणू आणखी काही येतंय.

"मी हळू बोललंय," तो म्हणाला.

"नाही काका."

त्याने टोपी काढली. मांडीवर ठेवली, तिची कडा चाचपत बसला. मान कानांपर्यंत लाल झाली. "मगे ह्यो खांब... नितेशाच्यो कप्प्यो..."

"हो."

"अनंताक म्हायत?"

"त्यालाही. माधुरीला. तुमच्या घरी. साहेबांनाही मी सांगितलंय. ते म्हणाले, आधी हे करायला हवं होतं, कान असले तरी. एक गोष्ट मात्र तुम्हाला करावी लागेल. डॉक्टरकडे कान दाखवायचे. ते मी सोडणार नाही."

"मशीन लावूक सांगतले. त्यात सगळा साचेखात्यासारखा ऐकाक येता म्हणतत."

"ते लावायचं की नाही ते नंतर भांडू. आधी दाखवा."

तो हसला नाही. तळ्याकडे बघत बसला. पाड्यावरच्या दोन बायका फाटकातून गेल्या, एकीने हात केला, त्यानेही केला. मग तो दर्शनाकडे वळला, आणि पहिल्यांदाच मॅडम म्हणाला नाही.

"बाय, एक विचारू? माझी पाठ होती. माका दिसाक नाय. मी ता बोललंय, तेच्यानंतर व्हय कोण कोण म्हणाला?"

"सगळे."

"मालन?"

"त्यासुद्धा."

"अनंत?"

"हो."

पुढचं विचारावं की नाही, ते त्याला ठरवता येईना. तिला कळलं.

"मीपण म्हणाले काका. त्या दगडाला नाही. तुम्हाला म्हणाले."

गुणाजीने मान हलवली. पण त्याचे डोळे तिच्या तोंडावरून हलेनात. दर्शनाने पाहिलं, आजूबाजूला कोणी नव्हतं. ती थोडी पुढे झुकली, आणि साचेखात्यातल्यासारखं, आवाज न करता, ओठ पुरते उघडून तिने ते दोन शब्द त्याला पुन्हा म्हणून दाखवले.

त्याने ते वाचले. मग टोपी डोक्यावर घातली, सारखी केली आणि दांड्याची खिट्टी लावायला उठला.